ओला अंगठा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली भागूबाई म्हणते. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण मी एकदा भांडणात 'भित्री भागूबाई' म्हणाले आणि ते असं चिकटलं की आता दूधवालासुद्धा "भागूबाई आहेत का?" म्हणून हाक मारतो, आणि या आतून "आहे, आहे" म्हणतात. चिडत नाहीत. चिडायलाही थोडी हिंमत लागते.

मी त्यांच्या अगदी उलट. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या, आणि खोटं म्हणत नव्हत्या. आम्ही दोघी एकाच घरात. दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, स्वयंपाकघर एकच. तरी आजवर आम्ही एकमेकींच्या झिंज्या धरल्या नाहीत. त्याचं श्रेय मला कोणी देऊ नका.

त्यांची भीती म्हणजे काय सांगू! गॅसचं बटण बंद केलं की त्याला हात लावून बघायचा, मग वाकून वास घ्यायचा, मग मला म्हणायचं, "तू बघ गं एकदा." कुलूप लावलं की त्याला लोंबकळायचं. फोन वाजला की छातीवर एक हात, आणि बराच वेळ वाजला नाही की दोन्ही हात. रस्ता ओलांडायचा तर आधी तो पार रिकामा व्हायला हवा. लिफ्टमध्ये तर त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. दवाखाना कितव्याही मजल्यावर असो, बाई जिन्याने धापा टाकत वर. मी म्हणायचे, "जाऊबाई, काही होत नाही हो." त्या म्हणायच्या, "झाल्यावर असंच म्हण."

त्यांना भीती वाटत नसे अशी जगात एकच जागा होती, ती म्हणजे कारखान्यातलं पिशव्या भरायचं टेबल.

आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांची पावडर भरतात. दुधाची भुकटी, धान्याचं पीठ आणि थोडं तेल. कोमट पाण्यात कालवायची आणि चमच्याने भरवायची. एक लांबलचक टेबल आहे. वरून पावडरचे नळ उतरतात. प्रत्येकीच्या समोर रिकाम्या पिशव्यांची चळत आणि शेजारी एक पसरट वाटी, वाटीत ओला स्पंज. पिशव्या एकमेकींना अशा चिकटलेल्या असतात की कोरड्या बोटाने तोंड उघडतच नाही. म्हणून स्पंजावर अंगठा टेकवायचा, पिशवीच्या तोंडावर हलकेच घासायचा, तोंड उघडलं की नळाखाली धरायची, पायाने पट्टी दाबायची, भरली की पुढे माझ्याकडे. मी शेवटाला मशीनवर. गरम जबड्यात पिशवीचं तोंड दाबून मी ते बंद करते. स्वभावाला साजेसं काम आहे, असं आमच्या घरचे म्हणतात.

भागूबाईंचा अंगठा म्हणजे चमत्कार होता. स्पंज, पिशवी, नळ; स्पंज, पिशवी, नळ. बघणाऱ्याला हात दिसायचाच नाही. नवीन बाई कामाला आली की मुकादम तिला आधी भागूबाईंच्या शेजारी उभी करायचा. "अंगठा ओला ठेवायचा, बाकी पिशवी आपली आपण उघडते," असं त्या शिकवायच्या, आणि शिकवताना त्यांचा आवाज अजिबात कापायचा नाही. त्या टेबलावरच्या झाडून सगळ्या बायका त्यांच्याच हाताखालून गेलेल्या.

हे लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

आमच्या घरामागून एक गटार जातं. एका दुपारी ते तुंबलं आणि मागच्या दाराने पाणी आत शिरलं. मी खराटा घेऊन धावले, बघते तर पाण्यावर तरंगत आमच्याच कारखान्याच्या पिशव्या येताहेत. पिशवीवर एका गुबगुबीत बाळाचं हसणारं तोंड छापलेलं असतं. जुन्या, मळलेल्या, कितीतरी वर्षांपूर्वीच्या छपाईच्या पिशव्या, पण तोंडं जशीच्या तशी. एकामागून एक बाळं हसत हसत आमच्या स्वयंपाकघरात शिरत होती. भागूबाई ओट्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. तोंड पांढरंफटक.

"ही मी भरलेली आहेत," त्या म्हणाल्या.

"मग काय झालं? आपण सगळ्यांनीच भरलीत. पाय खाली घ्या आणि बादली द्या."

"अगं, आपण मरून जाऊ, तरी ही अशीच हसत राहतील."

मला हसू आलं होतं, पण खरं सांगते, अंगावर काटा आला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मागचं दार उघडायला तयार नव्हत्या.

म्हणून जेलवाल्या बाई आल्या तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खूश झाल्या त्या भागूबाई.

जेलवाल्या बाई म्हणजे कारखान्याने ठेवलेल्या तरुण इंजिनिअर. मागच्या खोलीत त्यांची यंत्रं होती. लाकडाचा आणि पेंढ्याचा लगदा पाण्यात इतका बारीक दळायचा की त्याचे तंतू डोळ्यांना दिसायचेही बंद होतात. मग तो कपड्याच्या खळीसारखा घट्ट होतो; त्याला त्या 'जेल' म्हणायच्या, म्हणून त्या जेलवाल्या. ती खळ पातळ पसरून वाळवली की तिची पारदर्शक फिल्म तयार होते. तिचं नाव नॅनोसेल्युलोज. हे नाव घेताना टेबलावरच्या बायकांचे दात एकमेकांवर आपटायचे, म्हणून आम्ही तिला सरळ 'साल' म्हणायला लागलो. कांद्याच्या सालीसारखीच होती ती, कुरकुरीत, चकचकीत. जेलवाल्या बाई सांगायच्या की कोरडी असताना ही प्लास्टिकपेक्षाही हवा चांगली अडवते, म्हणजे पावडरमधलं तेल खवट होत नाही. आणि काम झालं की मातीत जिरून जाते.

"जिरते म्हणजे? कुठे जाते?" भागूबाईंनी विचारलं.

"कुठेच जात नाही. माती होते."

भागूबाईंनी सालीचा एक तुकडा घरी आणला आणि तुळशी-बिळशीच्या नव्हे, आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. रोज उकरून बघायच्या. मी म्हणायचे, "अहो, कढीपत्ता मरेल!" एके सकाळी त्या मातीने भरलेली बोटं घेऊन माझ्या खोलीत आल्या. "गेली गं! खरंच गेली!" एखादी वस्तू हरवली म्हणून इतकी आनंदलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

जेलवाल्या बाईंनी आम्हाला एकच गोष्ट बजावली होती. "हिला पाण्यापासून जपा. पाणी हिचा शत्रू." आणि आम्ही जपलं, अगदी जिवापाड जपलं. मुकादमाने छताची गळती बंद करून घेतली. फरशी पुसायची बादली हॉलच्या बाहेर गेली. प्यायच्या पाण्याच्या बाटल्या दाराशी ठेवायचा नियम झाला. भागूबाई तर हात धुऊन आल्या की वाळेपर्यंत उन्हात उभ्या राहायच्या. मग टेबलाशी येऊन बसायच्या, आणि स्पंजावर अंगठा टेकवायच्या.

आता तुम्ही म्हणाल, या बायकांना अक्कल होती की नाही? होती हो. पण पाणी म्हणजे बादली, नळ, गळकं छप्पर. स्पंजाला कोणी पाणी म्हणतं का? तो आमच्या बोटाचाच एक भाग होता. बरं, ती साल प्लास्टिकसारखी चिकटतही नव्हती, कोरड्या बोटाने सहज उघडली असती. पण अंगठ्याला हे कोण सांगणार? तो आपला जायचा तिकडे आणि यायचा.

सालीच्या पिशव्यांची पहिली खेप भरून झाली. गाड्या गेल्या, उरलेला माल मागच्या आवारात थांबला. कौतुक म्हणून आम्हा प्रत्येकीला एकेक पिशवी घरी न्यायला दिली.

भागूबाईंची लेक तेव्हा बाळाला घेऊन घरी आलेली होती. जावई कामावर लांब. बाळ वेळेआधी जन्मलेलं, एवढंसं, चिमटीत मावेल असं. म्हणून तिचं नावच चिमटी पडलं. तिचं वजन वाढेना तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की आता पावडर सुरू करा. भागूबाईंच्या जिवाला घोर. दुकानातली नको, डब्यातली नको, शेजारणीने दिलेली तर नकोच. पाणी उकळून, गाळून, परत उकळून व्हायचं, तरी चमचा तोंडाशी नेताना हात थरथरायचा. अशी ही बाई ती सालीची पिशवी घेऊन ताठ मानेने घरात शिरली आणि लेकीच्या हातात ठेवून म्हणाली, "हीच दे तिला. ही माझ्या हातची आहे. हिची मला भीती नाही."

पिशवी थोडे दिवस ओट्याशेजारच्या फळीवर राहिली, वाफेत. मग एका सकाळी लेकीने ती उघडली. दोन वेळच्या खाण्याएवढीच पिशवी; वास जरा वेगळा वाटला, पण आईच्या हातची म्हणून तिने भरवली.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर जेलवाल्या बाई हॉलमध्ये आल्या. हातात आमच्या काही पिशव्या होत्या, कुठल्याशा दमट गोदामातून परत आलेल्या. त्यांनी एक फाडली. खवट वास टेबलभर पसरला. तोंडाजवळच्या पावडरचा गोळा झाला होता आणि त्यावर हिरवट बुरशी. त्यांनी पिशवी झटकली आणि साल खिडकीच्या काचेवर उन्हात पसरून धरली. सगळी साल स्वच्छ, फक्त तोंडापाशी एक दुधी डाग. लांबट. त्यात बारीक बारीक वळणाच्या रेषा.

त्यांनी दुसरी धरली. तिथेच डाग. तिसरी. तिथेच.

"हा तर अंगठा आहे," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. मग त्यांनी टेबलाकडे बघितलं, आणि त्यांची नजर वाटीवर थांबली. "हे काय आहे?"

"स्पंज," मुकादम म्हणाला. "पिशवी उघडायला. आधीपासून आहे."

जेलवाल्या बाई मटकन स्टुलावर बसल्या. "ओली झाली की ही फुगते. मग वाळताना आक्रसते. वरून गरम दाब आणि घडी... बारीक चीर पडत असणार. आमच्या खोलीत तपासल्या त्या सगळ्या हातमोजे घालून उघडलेल्या. मी तुमच्या टेबलाशी येऊन कधी उभीच राहिले नाही हो." आणि उठून त्या साहेबांच्या खोलीकडे धावल्या.

मी भागूबाईंकडे बघितलं. त्या आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून बसल्या होत्या. ओला होता तो. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही, पण मला कळलं. चिमटी.

त्या उठल्या आणि चालू लागल्या. मग पळू लागल्या. मी मशीन बंद करून मागे. मुकादम ओरडला, "कुठे निघालात दोघी? सुट्टी झाली का?" मी म्हणाले, "घरी आग लागलीय, येतोस विझवायला?" आणि गेटबाहेर पडले.

पळता पळता मी लेकीला फोन लावत होते. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. चिमटी झोपली की लेक फोनचा आवाज बंद करते हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी वाजून बंद झाला की मी पुन्हा लावायचे. पुढे भागूबाई. मोठा रस्ता आला आणि ही बाई गाड्यांच्या मधून सरळ घुसली. एका टेम्पोवाल्याने ब्रेक मारून शिव्या घातल्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नाही. पाळणा रिकामा, फरशीवर उलटीने भरलेलं दुपटं, ओट्यावर वाटी आणि चमचा, आणि फळीवर ती पिशवी, तोंडाला कपड्याचा चिमटा लावलेली, अर्धी भरलेली. भागूबाई पाळण्याला धरून उभ्या राहिल्या. पाळणा हलत होता, कारण त्यांचे हात हलत होते.

शेजारचा शिंपी दारात आला. "लेक तुमची दवाखान्यात गेली पोरीला घेऊन. उलट्या थांबेनात म्हणत होती. तुम्हाला फोन करायलाही थांबली नाही."

भागूबाईंनी पिशवी उचलली आणि निघाल्या. दवाखाना वरच्या मजल्यावर. खाली लिफ्ट उघडी होती. त्या सरळ आत शिरल्या. मी जिन्याकडे वळले होते, मलाच परत यावं लागलं.

चिमटी एका मोठ्या पलंगावर पडली होती, आणि तो पलंग आणखीच मोठा दिसत होता. रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं वाटण्याइतकी गप्प होती. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, इवल्याशा हाताला सलाइनची नळी. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय भरवलं होतं?"

लेकीने आईकडे बघितलं. भागूबाईंनी पिशवी पुढे केली. डॉक्टरबाईंनी ती उघडून वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "याच्यामुळेच झालं असं मी आत्ता सांगू शकत नाही. पण हे कुणीही खायच्या लायकीचं नाही. आणखी कोणाकडे गेल्यात अशा पिशव्या?"

भागूबाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळीकडे गेल्या होत्या हो. दुकानादुकानांत.

"आई," लेक म्हणाली, "तू म्हणालीस ना, हिची भीती नाही म्हणून?"

ती ओरडली असती तर मी मध्ये पडले असते. पण ती हळूच म्हणाली. भागूबाईंनी चिमटीचं पाऊल मुठीत धरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लघवी झाली की मला लगेच सांगा. झाली तर धोका टळत चालला असं समजायचं. सध्या अंगात पाणीच उरलेलं नाही." भागूबाईंनी दुपट्याखाली हात घातला. कोरडं. थोड्या वेळाने पुन्हा घातला. कोरडं. अंगठ्याने चाचपून बघायच्या आणि हात तसाच पोटाशी घ्यायच्या.

मग एकदम उठल्या. "चल."

"कुठे?"

"कारखान्यात. साहेब म्हणतील चार-पाच पिशव्या खराब निघाल्या. त्यांना माहीत नाही."

मला खरोखर धडकी भरली. मी त्यांना बाहेर ओढलं. "जाऊबाई, डोकं ठिकाणावर आहे का? पोर इथे अशी पडलीय. आणि तुम्ही जाऊन सांगणार की अंगठा तुम्ही शिकवलात? तुमची नोकरी जाईल, माझी जाईल, टेबलावरच्या सगळ्यांची जाईल. जेलवाल्या बाई सांगतील की!"

"त्यांनी हातातल्या पिशव्या बघितल्यात. सगळ्यांचे अंगठे मी बघितलेत." त्यांचे दात वाजत होते, शब्द तुटत होते. "चिमटीजवळ तिची आई आहे. बाकीच्यांना कोण सांगणार? त्या आया आत्ता चमचा घेऊन बसल्या असतील गं."

मी आपली गेले मागोमाग.

साहेबांच्या खोलीत जेलवाल्या बाई रडून लाल झाल्या होत्या आणि मुकादम भिंतीला टेकून उभा होता. खिडकीतून आवारात गाडी दिसत होती, हमाल पेट्या चढवत होते. साहेब म्हणत होते, "मोजक्या पिशव्या आहेत. बदलून देऊ. नव्या मालात असं व्हायचंच."

भागूबाईंनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. मला वाटलं आता खाली कोसळतात.

"साहेब, गाडी थांबवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांवर आहे."

"काय आहे सगळ्यांवर?"

"अंगठा. सालीच्या जेवढ्या पिशव्या भरल्या तेवढ्या सगळ्यांवर. एकही सुटलेली नाही. मीच शिकवलंय सगळ्यांना तसं."

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? गेलेला सगळा माल परत मागवायचा म्हणजे दुकानं उद्या आपली पावडर ठेवतील का? हॉलला टाळं लागेल, बाई."

"कळतंय," भागूबाई म्हणाल्या. "मला फार भीती वाटतेय साहेब. पण गाडी थांबवा."

साहेब माझ्याकडे वळले. "मशीनवर तुम्ही असता ना? खरं आहे हे?"

"खरं आहे," मी म्हणाले. "माझ्या जबड्यात गेलं की पिशवीचं तोंड फस्स करायचं. मला वाटायचं गोंद असेल. तुम्हाला नसेल पटत तर टेबलावर जाऊन एकेकीला पिशवी उघडायला सांगा, आणि नाही प्रत्येकीचा हात वाटीकडे गेला तर मला आत्ता घरी पाठवा." हे म्हणताना माझेही पाय कापत होते, पण माझी जीभ पायांचं ऐकत नाही.

साहेबांनी खरंच जाऊन बघितलं. परत आले ते फोनकडेच गेले. खाली हमालांनी चढवलेल्या पेट्या उतरवायला सुरुवात केली. हॉलमधून बाहेर पडताना एकही बाई आमच्याशी बोलली नाही. एकजण मात्र पाठीमागून म्हणाली, "लावा आता सगळ्यांच्या घराला कुलूप." भागूबाईंनी ऐकलं. खांदे आवळून घेतले आणि चालत राहिल्या.

दवाखान्यात चिमटी तशीच होती. भागूबाई पलंगाशी बसल्या आणि हात दुपट्याखाली. कोरडं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं. लेक आईशी बोलत नव्हती. मी एकदा चहा आणला, तो तसाच गार झाला. भागूबाई काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, म्हणून कान दिला. त्या म्हणत होत्या, "ओलं हो गं, ओलं हो."

दिवे लागायच्या सुमाराला त्यांचा हात दुपट्याखाली गेला आणि तिथेच राहिला. तोंडाकडे बघून मला काही कळेना. मला वाटलं संपलं सगळं. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि लेकीसमोर धरला. अंगठा ओला होता.

लेकीने तो हात गालाला लावला आणि हमसून हमसून रडली. मी डॉक्टरबाईंना हाक मारायला गेले आणि जिन्यात बसून माझंही रडून घेतलं. मी रडते हे घरात कोणाला माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.

चिमटी वाचली. पावडरनेच झालं की आणखी कशाने, ते डॉक्टरबाईंना शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही.

हॉलला टाळं लागलं ते बरेच दिवस. बायकांनी आमच्याशी अबोला धरला. मग काम पुन्हा सुरू झालं. जेलवाल्या बाई सगळे दिवस टेबलाशी उभ्या राहून आमचे हात बघत बसल्या, आणि त्यांनी पिशवीचं तोंड बदललं. आता एक बाजू जरा लांब असते, कोरड्या बोटाने धरली की उघडते. वाट्या गेल्या. भागूबाईंना टेबलावरून काढून हॉलच्या दाराशी बसवलं, टॉवेल घेऊन. प्रत्येकीचा अंगठा त्या दोन्ही बाजूंनी बघतात, मगच आत सोडतात. बायका वैतागतात. साहेबांचाही अंगठा बघितला त्यांनी एकदा.

परत आलेल्या पिशव्या कारखान्यामागच्या खड्ड्यात मातीबरोबर पुरल्या होत्या. त्या पेट्या रिकाम्या करताना आम्ही दोघी तिथे होतो. बंद पिशव्या, फुगलेल्या पिशव्या, काही उघडून पुन्हा मुडपलेल्या. आणि एक रिकामी. कुणीतरी दुकानात परत आणून दिलेली, आतून पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. भागूबाई ती हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांच्या हातातून काढून खड्ड्यात टाकली. घरी नेली असती तर वर्षभर तीच बघत बसल्या असत्या.

परवा तो खड्डा उघडला. जेलवाल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना मुद्दाम बोलावलं होतं. फावड्याने माती वरखाली केली. काळी, भुसभुशीत माती, आणि सालीचा एक कपटासुद्धा नाही. ना तोंड, ना डाग. जेलवाल्या बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. "बघा! काही म्हणजे काही उरलं नाही!" बायकाही हसल्या. ज्या बाईने कुलपाचं म्हटलं होतं, तिने भागूबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

भागूबाई खड्ड्याच्या काठाशी उकिडव्या बसल्या आणि मातीत बोटं घालून चाळू लागल्या. मला वाटलं कढीपत्त्याच्या कुंडीसारखं 'गेली गं' म्हणतील. बराच वेळ चाळत राहिल्या. मी शेजारी बसले. "जाऊबाई, काय शोधताय? नाहीये काही."

"ती रिकामी होती ना एक," त्या हळूच म्हणाल्या. "सगळी संपवलेली."

"होती."

"चिमटीची अर्धी उरली होती." त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं थंडगार होती. "पोटात ठरलं नसतं तर अर्धी उरली असती ना? संपवली म्हणजे त्या बाळाला काही झालं नसणार. हो ना गं?"

मला काय माहीत? त्यांना तरी कोण सांगणार होतं? जन्मभर मी या बाईच्या भीतीची टिंगल केली, आणि आता तीच भीती मला लागली.

"हो," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की जेलवाल्या बाई टाळ्या थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या.